कंपनीफिटेड की कस्टम? कंपाउंड बोच्या स्ट्रिंगचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या गॅरेजमध्ये एक बो प्रेस आहे, म्हणजे कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) दाबून त्याची दोरी सैल करायचं यंत्र, त्यामुळे मला फोन येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला एकाच दिवशी कंपाउंडचे जगज्जेते झाले, तेव्हापासून जरा जास्तच येतात. फोन पालकांचे असतात, क्लबातल्या मुलांचे असतात, रविवारी हौसेने बाण सोडणाऱ्या इंजिनिअरांचेही असतात. प्रश्न फिरून तेच: बोबरोबर आलेली स्ट्रिंग (दोरी) ठेवायची, की दीडपट-दुप्पट पैसे देऊन कस्टम, म्हणजे मुद्दाम बनवून घेतलेला, सेट चढवायचा? तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. भाव डॉलरबरोबर हलतात, तेव्हा आकडे तुमचे घाला आणि रीत ही वापरा.

१. ‘सेट’ म्हणजे नेमकं काय काय?

कॅमवर, म्हणजे बोच्या टोकांवरच्या चाकांवर, ठरतं. दोन कॅमच्या आजच्या बहुतेक बोंवर एक स्ट्रिंग आणि दोन केबल असतात. बाण अडकतो ती स्ट्रिंग. केबल लिंब (बोचे वाकणारे हात) वाकवतात आणि दोन्ही कॅम एका तालात फिरवतात. सिंगल कॅमवर एकच केबल असते, पण स्ट्रिंग खालच्या कॅमवरून निघून वरच्या चाकाला वळसा घालून परत येते, त्यामुळे ती जवळपास दुप्पट लांब असते. कॅमच्या खाचेत आणि नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाच्या) जागी दोरीवर बारीक धाग्याचं घट्ट वेटोळं असतं, ते सर्व्हिंग. पीप (दोरीत बसवलेली, नेम धरताना ज्यातून बघायचं ती छोटी कडी) आणि डी-लूप (दोरीवरचा, ओढायचा छोटा फासा) बहुधा किमतीत धरलेले नसतात, हे ऑर्डर करताना विचारून घ्या.

२. आमच्या क्लबातल्या रिकर्व्हवाल्यांची स्ट्रिंग इतकी स्वस्त कशी मग?

कारण रिकर्व्ह म्हणजे कॅम नसलेला बो; त्याला एकच दोरी असते, दोन टोकांना फासे, हाताने चढते आणि हाताने उतरते. सराव संपला की ते बो उतरवून ठेवतात आणि दोरीला विश्रांती मिळते. कंपाउंड कधीच उतरत नाही. तुमचा बो भिंतीवर टांगलेला असतानाही स्ट्रिंग आणि केबल लिंबांचा ताण रात्रंदिवस सोसत असतात. शिवाय रिकर्व्हची दोरी दोन-तीन मिलिमीटर लांबली तर चार पीळ देऊन काम भागतं. कंपाउंडमध्ये तेवढ्याने कॅमचा ताल बिघडतो.

३. कंपनीफिटेड स्ट्रिंग वाईटच असते, असं सगळे म्हणतात. खरं का?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी बरंचसं खरं होतं. आज नाही. मोठ्या कंपन्यांच्या वरच्या दर्जाच्या बोंवर येणारे सेट आता चांगल्या धाग्याचे असतात. काही कंपन्या स्वतःच्या कारखान्यात बनवतात, काही नावाजलेल्या स्ट्रिंगवाल्यांकडून घेतात.

फरक पडतो तो खालच्या दर्जाच्या, ‘सगळं लावून तयार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बोंमध्ये. तिथे कंपनीला साइट (नेम धरायला), रेस्ट (बाण टेकवायला), क्विव्हर (भाता) सगळं एका किमतीत बसवायचं असतं आणि काटछाट दिसणार नाही अशा जागी होते. दुकानात कोणी बोची स्ट्रिंग बघून बो घेत नाही. रंग बघतात, वेग विचारतात.

अजून एक गोष्ट. या विषयावर इंटरनेटवर मिळणारा सल्ला बहुतेक अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा असतो. तो माणूस वर्षातून थोडे बाण सोडतो, वीस-तीस यार्डांवर उभ्या हरणाच्या छातीवर नेम धरतो. तिथे कंपनीची स्ट्रिंग पुरते म्हणजे पुरतेच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो प्रश्नच नाही. आपण पन्नास मीटरवर ८० सेंटिमीटरच्या कागदावर मारतो, आणि बाण भरमसाट सोडतो. त्यांचा ‘काही फरक पडत नाही’ हा अनुभव आणि आपल्या कोचचा ‘लगेच बदल’ हा आग्रह, दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात.

४. धागा तोच, मग कस्टमवाला जास्तीचे पैसे कशाचे घेतो?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा.

धागा खरोखरच तोच असतो. जगातल्या बहुतेक चांगल्या कंपाउंड स्ट्रिंग एक-दोन अमेरिकन उत्पादकांच्या रिळांतून निघतात, त्यात बीसीवाय हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अंदाज घ्या: दोन कॅमच्या बोची स्ट्रिंग साधारण दीड मीटर, केबल एकेक मीटरच्या आसपास, आणि प्रत्येकीत सुमारे चोवीस धागे. म्हणजे एका सेटला ऐंशी-नव्वद मीटर धागा लागतो. पाव पौंडाच्या रिळातून एकाहून जास्त सेट निघतात. तेव्हा कच्च्या मालात फार पैसा नाही.

पैसा जातो वेळेत. धागे खुंट्यांवर सारख्या ताणाने गुंडाळायचे, म्हणजे चोवीसच्या चोवीस भार उचलतील, पाच ढिले राहून एकोणीस राबणार नाहीत. मग पुरी दोरी तीनशे पौंडांच्या आसपास ताणून ठेवायची, म्हणजे जी काही लांबून बसायची ती तिथेच बसेल, तुमच्या बोवर नाही. पीळ द्यायचा. परत ताणायची. सर्व्हिंगसुद्धा ताणाखालीच चढवायचं, नाहीतर ते पुढे सरकतं आणि मध्ये फट पडते. शेवटी १०० पौंड ताणाखाली लांबी मोजायची. या कामात घाई केली की ती महिन्याभरात बोवर दिसते. कारखान्यात तासाला अमुक इतके नग काढायचे असतात आणि वेळ वाचवायला सगळ्यात सोपी पायरी असते ती ताणून ठेवण्याची.

म्हणून ‘प्रीमियम’ हा शब्द बघून पैसे देऊ नका. मी एकदा दिले होते. तीन रंग, सुंदर पॅकिंग, आणि दोन महिन्यांत कॅमजवळचं सर्व्हिंग उलगडायला लागलं. बनवणाऱ्याला विचारायला हवं होतं ते असं: किती ताणावर किती वेळ ठेवता, सर्व्हिंग ताणाखाली करता का, आणि सरकलं तर बदलून देता का. सरळ उत्तर देणारा माणूस बहुधा सरळ दोरी बनवतो.

५. ‘स्ट्रेच’ आणि ‘क्रीप’ एकच ना?

नाही, आणि इथेच पैशाचा मुद्दा आहे. स्ट्रेच म्हणजे ताणली की लांबते, सोडली की परत येते. प्रत्येक बाणाला थोडं होतं, त्याचं काही बिघडत नाही. क्रीप म्हणजे लांबली ती लांबलीच. नव्या दोरीत धागे एकमेकांत बसताना जी वाढ होते तिला पण लोक क्रीपच म्हणतात. ती सुरुवातीची बैठक असते, काही शे बाणांत संपते. खरा क्रीप धाग्याच्या जातीत असतो आणि हळूहळू चालू राहतो.

केबल लांबली की पाउंडेज (बो ओढायला लागणारा जोर) उतरतं, ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे येते ते अंतर) वाढते. दोन केबल कमी-जास्त लांबल्या तर ओढ जिथे थांबते त्या ‘भिंतीला’ एक कॅम आधी टेकतो, एक नंतर, आणि ग्रुप (कागदावरचा बाणांचा पुंजका) उभा पसरतो. पीपची उंची बदलणं मात्र सगळ्यात महाग पडतं, कारण ते दिसत नाही. पीप ते साइट अंतर साधारण ८५ सेंटिमीटर धरा. पीप एक मिलिमीटर सरकला, तर पन्नास मीटरवर नेम जवळपास सहा सेंटिमीटर हलतो. ८० सेंटिमीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत चारच सेंटिमीटर. मधोमध लागणारा बाण आता नवात जातो. पोरगं बिचारं आपलं बाण सोडणं बिघडलं म्हणून रडतं, आणि दोष दोरीचा असतो.

६. ४५२एक्स, एक्स-९९, ८१२५... यातलं कोणतं घेऊ?

हे बीसीवायच्या धाग्यांचे नंबर आहेत. मुळात दोन तंतूंचा खेळ आहे. डायनीमा हलकं, मजबूत, घासलं तरी टिकणारं, पण सतत भाराखाली हळूहळू लांबणारं. व्हेक्ट्रान लांबत नाही, पण घासणं आणि ऊन त्याला सोसत नाही. ४५२एक्स मध्ये ढोबळ मानाने दोन भाग डायनीमा, एक भाग व्हेक्ट्रान; बरीच वर्षं टार्गेटवाल्यांचा भरवशाचा धागा. एक्स-९९ मध्ये नव्या पिढीचं डायनीमा जास्त आणि व्हेक्ट्रान कमी, म्हणून दोरी जास्त गुळगुळीत राहते, पिसं (सुटे तंतू) कमी निघतात. ८१२५ पूर्ण डायनीमाचं, हलकं, वेगवान.

माझं मत: ४५२एक्स किंवा एक्स-९९ यांत भांडण्यासारखं काही नाही. बनवणारा ज्यावर रोज काम करतो तो धागा घ्या. चांगल्या हाताने बनवलेली ४५२एक्स ही घाईने बनवलेल्या एक्स-९९ पेक्षा केव्हाही बरी.

७. नवा बो आलाय. पहिल्याच दिवशी स्ट्रिंग बदलू का?

बहुतेकांनी बदलू नये. कारण साधं आहे: त्या सेटचे पैसे तुम्ही बोच्या किमतीत भरून बसलात. आता तो काढून पिशवीत टाकला, तर तुमची तुलना ‘नऊ हजारांचा साधा सेट की पंधरा हजारांचा कस्टम’ अशी राहत नाही. ती ‘शून्य की पंधरा हजार’ अशी होते.

तीनशे-चारशे बाण सोडा, बैठक होऊ द्या, मग एकदा ट्यूनिंग (कॅम, पीप वगैरेची जुळणी) करून घ्या. त्यानंतर पीप फिरत नसेल आणि कॅमवरच्या खुणा जागच्या जागी असतील, तर तो सेट संपेपर्यंत वापरा. अपवाद दोन. महिन्याभरात महत्त्वाची स्पर्धा असेल तर, आणि बैठकीनंतरही खुणा हलत राहिल्या तर. दुसऱ्या प्रसंगी आधी दुकानदाराकडे जा. नव्या बोवरचा खराब सेट काही जण बदलून देतात, विचारायला पैसे पडत नाहीत.

८. आकडे मांडून दाखवा ना. नुसतं ‘परवडतं’ म्हणू नका.

मांडतो. पहिला सेट संपला आहे आणि आता विकतच घ्यायचं आहे, असं धरा. अमेरिकेत कंपनीच्या दर्जाचा बदली सेट शंभर डॉलरच्या आगेमागे आणि नावाजलेला कस्टम सेट दीडशे ते दोनशे डॉलरांत मिळतो. इथे पोचेपर्यंत आपण ९,००० आणि १५,००० रुपये धरू. बसवणं आणि पहिलं ट्यूनिंग २,०००, नंतरची ट्यूनिंगची प्रत्येक फेरी १,०००.

रविवारचा गडी: दर रविवारी ६० बाण, वर्षात ४५ रविवार, म्हणजे २,७०० बाण. दोरी झिजायच्या आधी तिचं वय होतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायची. ५,४०० बाण. साधा सेट, दोन जादा फेऱ्यांसह: १३,००० रुपये, बाणाला २ रुपये ४१ पैसे. कस्टम, जादा फेरी नाही: १७,००० रुपये, बाणाला ३ रुपये १५ पैसे.

स्पर्धेचा गडी: रोज १५० बाण, आठवड्याचे पाच दिवस, वर्षात ४६ आठवडे. ३४,५०० बाण. सहा महिन्यांनी सेट बदलतो, म्हणजे एका सेटवर १७,२५०. साधा, तीन जादा फेऱ्यांसह: १४,००० रुपये, बाणाला ८१ पैसे. कस्टम: १७,००० रुपये, बाणाला ९९ पैसे.

आता बघा. दुकानात फरक सहा हजारांचा दिसत होता. स्पर्धकासाठी तो सहा महिन्यांत तीन हजारांवर आला, म्हणजे बाणाला १८ पैसे. दोन चांगले कार्बन बाण मोडले की एवढे जातात. रविवारच्या गड्याला तोच फरक बाणाला ७४ पैसे पडतो, म्हणजे चौपट.

लक्षात घ्या, मी कस्टम सेटचं आयुष्य जास्त धरलेलं नाही. विकणारे ‘दुप्पट टिकते’ म्हणतात. धागा तोच असेल तर घासून झिजणं दोन्हींचं सारखंच असतं. कस्टमकडून मिळतं ते स्थैर्य, आणि ज्याचा ग्रुप ते स्थैर्य ओळखण्याइतका लहान नाही त्याला ते मिळूनही कळत नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. साध्या सेटची चारशे बाणांची बैठक स्पर्धक तीन दिवसांत उरकतो. रविवारच्या गड्याला सात रविवार लागतात. म्हणजे जवळजवळ दोन महिने त्याची साइट रोज वेगळं बोलते. ज्याला वेळ कमी, चिडचिड जास्त आणि पैसा ठीक आहे, त्याने खुशाल कस्टम घ्यावा. हिशेबात बसत नाही, पण रविवार एकच असतो.

९. मुलगी राज्य पातळीवर खेळते. एका गुणासाठी एवढा खर्च?

बर्लिनची ओजसची फायनल १५०-१४९ अशी सुटली. पंधराच्या पंधरा बाण दहात, आणि समोरच्याचा एकच नवात. कंपाउंडमध्ये वरच्या पातळीवर चुकायला जागाच उरलेली नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आली आहे, त्यामुळे गर्दी वाढणार, जागा नाही.

तरीही क्रम असा ठेवा: आधी बरोबर स्पाइनचे (ताठपणाचे) बाण, मग कोचिंग, मग चांगली रिलीज (दोरी ओढून सोडायचं हातातलं साधन), मग स्ट्रिंग. मुलगी ७२ बाणांत ६८० च्या आसपास खेळत असेल तर कस्टम सेट आता हवा. ६४० ला असेल तर तेच पंधरा हजार शिबिराला लावा.

आणि घेतलात तर एक नाही, दोन सेट. दुसरा आधी बोवर चढवून बैठक करून, पीप-लूपसकट खुणा करून, उतरवून ठेवायचा. बाद फेरीच्या सामन्यात सामान तुटलं म्हणून जादा वेळ मिळत नाही. खऱ्या स्पर्धकाचा खर्च म्हणून दुप्पट धरा, प्रश्न ८ मधल्या हिशेबात हे नव्हतं.

१०. मुलगा चौदा वर्षांचा आहे, उंची वाढतेय. त्याच्यासाठी?

कंपनीफिटेड. यावर मी वाद घालत नाही. वर्षभरात त्याची ड्रॉ लेंग्थ वाढणार, मॉड्यूल (ती लेंग्थ ठरवणारा कॅमवरचा तुकडा) बदलणार, कदाचित बोच बदलणार. काही बोंवर ड्रॉ लेंग्थ बदलायला कॅमच बदलावा लागतो आणि कॅम बदलला की स्ट्रिंगचं मापही बदलतं. मग पंधरा हजारांचा सेट कपाटात. बो घेतानाच मॉड्यूलने मोठ्या पट्ट्यात सरकणारा घ्या, तिथे वाचतील ते खरे पैसे.

११. बदलायची वेळ झाली, हे कसं ओळखायचं?

कॅलेंडरवर कमी, नखावर जास्त भरवसा ठेवा. दोरीवरून नख फिरवा. नुसती पिसं दिसत असतील तर मेण लावा, बोटांनी चोळून मुरवा, पुसा. धागा तुटलेला लागला, एकही, तर बाण सोडणं तिथेच थांबवा. सर्व्हिंग फाटून आतला धागा दिसतोय, कॅमच्या तोंडाशी सर्व्हिंग सरकून फट पडली आहे, किंवा महिन्यातून दोनदा पीळ द्यावा लागतोय, ही सेट संपल्याची लक्षणं.

फक्त मधलं सर्व्हिंग झिजलं असेल तर सेट बदलू नका. ते काही शे रुपयांत नवं चढतं. दोरी ठणठणीत असताना पूर्ण सेट विकणारे महाभाग मी पाहिले आहेत.

१२. कस्टम स्ट्रिंगने वेग वाढतो का?

फारसा नाही. हलका धागा किंवा कमी धागे यांनी सेकंदाला काही फूट फरक पडू शकतो, पण टार्गेटवाल्याला तो नकोच असतो, त्याला सारखेपणा हवा. उलट कस्टम चढवल्यावर वेग कमी झाल्याची तक्रार माझ्याकडे जास्त येते. बहुतेक वेळा कारण एकच: कंपनीच्या स्ट्रिंगवर कॅमजवळ छोटी वजनं लावलेली होती आणि नव्यावर ती मागवायची राहिली. काढण्याआधी फोटो घ्या, कॅमपासूनचं अंतर मोजा.

१३. पीप फिरतो. म्हणजे स्ट्रिंग टाकाऊ?

लगेच नाही. नव्या दोरीत पहिले शंभर-दोनशे बाण थोडं फिरणं चालतं. पीपच्या बाजूचे धागे एकेक करून इकडून तिकडे घेतले, डी-लूप थोडा वळवला, की बरेचदा सुटतं. रबरी नळीचा पीप हा स्वस्त उपाय आहे, दिसायला गावठी, पण काम करतो. चारशे बाणांनंतरही दर थंड सकाळी वेगळीकडे तोंड करत असेल, तर धागे सारख्या ताणाने गुंडाळलेले नाहीत. मग प्रश्न ४ परत वाचा. सिंगल कॅमच्या लांब दोरीत हा त्रास जास्त, वाढही लांबीच्या प्रमाणात जास्त. एकाच बोसाठी मी डोळे मिटून कस्टम सुचवत असेन, तर तो सिंगल कॅम.

१४. फक्त स्ट्रिंग बदलली, केबल तशाच ठेवल्या तर पैसे वाचतील ना?

आज वाचतील. केबल जुन्या, बसलेल्या; स्ट्रिंग नवी, बसायची. ट्यूनिंग करायचं, आणि चार महिन्यांनी केबल गेल्या की पुन्हा पहिल्यापासून. मजुरी दोनदा. अपवाद: सेट जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असताना स्ट्रिंगला अपघाताने कट गेला, तर एकटी स्ट्रिंग चालेल, शक्यतो त्याच बनवणाऱ्याकडून.

१५. न्यू जर्सीचा मावसभाऊ दिवाळीत येतोय. त्याच्याकडून मागवू?

मागवा. सेट पाकिटात मावतो, वजन नगण्य. कुरिअरने एकच सेट मागवला तर वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून बचत खाऊन टाकतात. क्लबातल्या चार-पाच जणांनी एकत्र मागवलं तर परवडतं.

पण पाहुण्याच्या हातून आलेल्या मालाला परती नसते, म्हणून माप शंभर टक्के बरोबर द्या. लिंबवरच्या स्टिकरवर स्ट्रिंग आणि केबलची लांबी असते, ती फोटोसकट पाठवा. बोचं मॉडेल, वर्ष, कॅमचं अक्षर किंवा नंबर, तिन्ही कळवा. जुन्या बोवर आधीच्या मालकाने कॅम बदलले असतील तर स्टिकर खोटं ठरतं. जुनी दोरी उतरवून मोजू नका, ती वाढलेली असते. मी स्वतः एकदा वाढलेल्या मापावरून सेट मागवला होता. तो अजून माझ्याकडे आहे, कपडे वाळत घालायच्या कामाचाही नाही.

१६. मग घरीच बनवली तर?

बनवा, मजा येते, पण बचतीसाठी बनवू नका. ताण देणारा जिग, सर्व्हिंगचं यंत्र, धाग्याची आणि सर्व्हिंगची रिळं, बो प्रेस, आणि पहिले तीन-चार वाया जाणारे सेट. क्लबात दहा-बारा कंपाउंड असतील आणि एकजण चिकाटीने शिकणार असेल, तर दुसऱ्या वर्षापासून जमतं. एकट्यासाठी कधीच नाही.

प्रेसशिवाय स्ट्रिंग उतरवायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. आजचे लिंब बो न ओढताही वाकलेले असतात. सुटले की काय होतं, ते सांगायला लागू नये.

१७. विदर्भातल्या उन्हाळ्यात दोरी जास्त लांबते का?

हो. डायनीमाचा क्रीप उष्णतेने वाढतो, आणि ७० अंशांच्या पुढे हा तंतू फार काळ ठेवू नये असं मानतात. मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीचं आतलं तापमान त्याच्या जवळ जातं. तिथे दुपारभर ठेवलेला बो संध्याकाळी वेगळा वागतो, सेट आठ हजारांचा असो की अठरा हजारांचा. या एका सवयीने जेवढे महाग सेट वाया जातात, तेवढे बाणांनी जात नसतील. सावलीत, घरात, पिशवीत, एवढं पुरे.

१८. सेकंडहँड बो स्वस्तात मिळतोय, पण केबल धातूच्या आहेत. त्यावर चांगली स्ट्रिंग चढेल?

चढवू नका. प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेच्या केबल आणि त्यांच्या टोकाला स्ट्रिंग अडकवायचे आकडे, ही जुन्या काळातली रचना. कंपाउंडचं पेटंट मिझुरीच्या होलेस अॅलनला १९६९ मध्ये मिळालं, त्यानंतर बराच काळ असेच बो बनत होते. त्यांची स्ट्रिंग डेक्रॉनची, थोडी लवचीक, आणि कॅम-लिंब तो धक्का धरून बनवलेले. न ताणणारी आधुनिक दोरी लावली तर सगळा धक्का जुन्या लिंबांवर जातो. डेक्रॉनचीच लावा, ती स्वस्तही असते. आणि बो घेण्याआधी तारांवरचं आवरण कुठे तडकलं आहे का ते बघा. तडकलं असेल तर तो बो भिंतीवर शोभेला घ्या.

१९. चुकून ड्राय फायर झाला. सेट नवा होता, दिसायला काही झालं नाही. वापरू का?

बाण न लावता सुटलेली सगळी ताकद कुठेतरी गेलेली असते. आधी लिंब: कापसाचा बोळा कडांवरून फिरवा, तंतू अडकले तर तडा आहे. मग कॅम वाकडा फिरतो का, धुरी सरळ आहे का. स्ट्रिंग खाचेतून उडाली असेल तर कॅमच्या धारेने धागे कापलेले असू शकतात, सर्व्हिंगच्या आतही, जिथे दिसत नाहीत. अशा वेळी मी सेट बदलायलाच सांगतो, कितीही नवा असला तरी. वॉरंटीवर विसंबू नका. बहुतेक कंपन्या दोरीला झिजणारा भाग समजतात आणि ड्राय फायर वॉरंटीतून वगळतात. बदली म्हणून कोणता सेट घ्यायचा, हे विचारायला फोन करणार असाल, तर आधी आठवड्याला किती बाण सोडता ते मोजून ठेवा. माझा पहिला प्रश्न तोच असेल.